बद्द वाजणारं लोखंड

सुकापूरहून रिक्षाने पनवेल स्टेशन गाठणाऱ्या जुन्या प्रवाशांना एक माणूस आठवत असेल. लांब पल्ल्याची गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तो डब्यांच्या कडेने चालायचा आणि एकेक चाक ठोकत जायचा. चाक खणखणीत वाजलं की पुढचं चाक. बद्द वाजलं की तो थांबायचा, वाकून बघायचा. बद्द आवाज म्हणजे चाकात कुठेतरी तडा असण्याची शंका. तड्याचे दोन काठ थरथरताना एकमेकांवर घासतात, ठोक्याने दिलेली ऊर्जा त्या घासण्यात उष्णता होऊन संपते, आणि आवाज लांबायच्या आधीच मरतो. रेल्वेत ही तपासणी जगभर चालली. आता बरंचसं काम यंत्रांकडे गेलं आहे.

चाकाच्या बाबतीत जो दोष, तोच गुण ठरणारी लोखंडंही आहेत. लेथचा बेड, इंजिनाचा ब्लॉक, मोटारीच्या ब्रेकची डिस्क, वाफेच्या टर्बाइनची पाती ही त्यातली नेहमीची उदाहरणं. हे धातू बद्द वाजतात, पण तुटलेले नसतात. त्यांच्या आत काहीतरी सैल असतं, कंपनाबरोबर हलतं आणि हलताना ऊर्जा खातं. काय सैल ठेवायचं हे मिश्रणात ठरतं. ते खरोखर सैल राहतं की नाही, हे मात्र भट्टीत ठरतं. एकाच रसाचे दोन तुकडे वेगळ्या तऱ्हेने तापवून थंड केले तर एक गप्प बसतो आणि दुसरा खणखणतो. कारखानदारीबद्दल लिहिताना आपल्याकडे मिश्रणाचं कौतुक फार होतं आणि भट्टीवरच्या माणसाचं कमी, म्हणून हा लेख भट्टीच्या बाजूने लिहिला आहे.

आधी मोजमाप. धातूची पट्टी ठोकली की ती एका बाजूला वाकते, परत येते, दुसऱ्या बाजूला वाकते. हा एक फेरा. प्रत्येक फेऱ्यात साठलेल्या ऊर्जेचा काही भाग धातूच्या आतच उष्णता होऊन जातो. तो किती टक्के, यावरून धातूची अवमंदन क्षमता ठरते. सगळ्यांची तुलना एकाच पायावर व्हावी म्हणून प्रत्येक धातूवर त्याच्या सोसण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे यील्ड ताणाच्या, एक दशांश इतका ताण देऊन मोजण्याची पद्धत आहे. तसे मोजलेले आकडे बोलके आहेत. पितळ आणि कासं ०.२ टक्क्याहून कमी. मध्यम कार्बनचं पोलाद साधारण १ टक्का, कमी कार्बनचं ४. साधं बीड ६, जास्त कार्बनचं बीड १९. शुद्ध लोखंड १६. आणि लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा एक खास मिश्रधातू ४० टक्क्यांच्या घरात.

हे आकडे कानाला कसे लागतात ते पाहा. सेकंदाला ५०० वेळा थरथरणारी पितळी वस्तू घ्या. दर फेऱ्याला ०.२ टक्के ऊर्जा गेली तरी पूर्ण एक सेकंदानंतर एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा शिल्लक असते. देवळातली घंटा म्हणून रेंगाळते. तीच वस्तू ४० टक्केवाल्या मिश्रधातूची केली तर दहा फेऱ्यांत, म्हणजे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, शंभरातला एक भागही ऊर्जा उरत नाही. कानाला फक्त ठोक्याचा ‘टक्’ ऐकू येतो. इथे एक बारीक अट आहे: या मिश्रधातूंची क्षमता कंपनाच्या आकारावर अवलंबून असते, थरथर अगदी बारीक झाली की टक्काही घसरतो. त्यामुळे हा हिशेब वरवरचा समजावा. फरक मात्र खराच एवढा मोठा आहे.

आणखी एक घोळ आधीच दूर करू. कंपन कमी करायचे तीन वेगवेगळे मार्ग आहेत आणि बाजारात ते सर्रास एकाच नावाने विकले जातात. वस्तू जड करणं हा एक. वॉशिंग मशिनच्या पोटात काँक्रीटचा ठोकळा असतो तो त्यासाठी, तो काही ऊर्जा खात नाही. मधे रबर घालून कंपन पुढे जाऊ न देणं हा दुसरा. आणि धातूनेच ऊर्जा खाणं हा तिसरा, म्हणजे आपला विषय. तिसऱ्या मार्गाचा खरा उपयोग अनुनादाच्या वेळी होतो: यंत्राचा वेग आणि एखाद्या भागाची स्वतःची थरथरण्याची गती जुळली की कंपन वाढत वाढत जातं, आणि ते कुठवर वाढेल हे धातू किती ऊर्जा खातो यावरच ठरतं. गती जुळत नसेल तर हा धातू वापरून फारसा फरक पडत नाही. हे न कळल्यामुळे पुष्कळ पैसा वाया जातो.

आता बीड. बिडाच्या तव्याचं, बिडाच्या कढईचं, तेच हे ओतीव लोखंड. पोलादात कार्बन फार तर दोन टक्क्यांपर्यंत. बिडात तो अडीच ते चार टक्के, शिवाय एक ते तीन टक्के सिलिकॉन. रस गोठताना लोखंडाला एवढा कार्बन पोटात ठेवता येत नाही, आणि सिलिकॉनच्या मदतीने तो ग्रॅफाइटच्या रूपात बाहेर पडतो. साचा सावकाश थंड झाला तर हा ग्रॅफाइट पातळ, वाकड्यातिकड्या पापुद्र्यांसारखा पसरतो. वजनाने कार्बन तीन-साडेतीन टक्के असला, तरी ग्रॅफाइट हलका असल्याने आकारमानाचा साधारण दहावा हिस्सा तो व्यापतो. म्हणजे बिडाच्या बेडचा दहावा भाग जवळजवळ पेन्सिलीचं शिसं आहे.

ग्रॅफाइटला ताणात ताकद अशी नाहीच. म्हणून प्रत्येक पापुद्रा हा एक छोटासा तडाच, फक्त आत मऊ पूड भरलेला. वस्तू थरथरली की पापुद्र्याच्या टोकांशी ताण एकवटतो, तिथलं लोखंड किंचित दबतं, ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सरकतात, लोखंड आणि ग्रॅफाइट यांच्या सांध्यात घर्षण होतं. रेल्वेच्या चाकातला एकच मोठा तडा गाडीला धोका असतो. इथे असे असंख्य बारीक तडे सगळीकडे सारखे विखुरलेले असतात, म्हणून ते वस्तू न मोडता ऊर्जा खातात. पापुद्रे जितके मोठे आणि भरड, तितकं अवमंदन जास्त. किंमतही तिथेच मोजावी लागते: बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चं, आणि जोरात आपटलं तर वाकायच्या ऐवजी फुटणारं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कामावर जी पिढी वाढली, तिच्यापासून पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमध्ये ओतकामाचा एवढा पसारा झाला की देशातल्या ओळखीच्या फाउंड्री केंद्रांत कोल्हापूरचं नाव येतं. त्याच्याही आधी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर ओतले. ती आजची किर्लोस्करवाडी. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा ओतण्यामागे स्वस्ताई हे पहिलं कारण, रस साच्यात नीट पसरतो हे दुसरं. पण पोलादी पत्रे जोडून तेवढाच ब्लॉक केला तर इंजिनाजवळ उभं राहून बोलणं कठीण होईल, हे तिसरं कारण काही कमी महत्त्वाचं नाही.

ओतकामात एकच रस तीन स्वभावांचा होऊ शकतो. साच्यात झटकन गार झाला तर कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळ मिळत नाही, लोहाबरोबर तो कडक कार्बाइड होऊन बसतो. हे पांढरं बीड: काचेसारखं कडक, ठोकलं की खणखणीत. सावकाश गार झाला तर पापुद्रे असलेलं करडं बीड. आणि ओतायच्या आधी रसात थोडं मॅग्नेशियम टाकलं तर ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात येतो. ही युक्ती १९४८ साली जगापुढे आली, आणि त्यातून निघालेल्या लोखंडाला आपले कारखानदार ‘एसजी आयर्न’ म्हणतात. गोळ्याला टोकं नसतात, त्यामुळे ताण एकवटत नाही आणि धातू ताणालाही चांगला टिकतो. पण टोकं गेली तशी ऊर्जा खाण्याची जागाही गेली. एसजीची क्षमता साधारण २ टक्के. म्हणून फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव वस्तू (कास्टिंग) साफ करण्याच्या, जागी कास्टिंगवर हातोडी मारून, खण वाजलं तर मॅग्नेशियम लागू झालं, बद्द वाजलं तर काहीतरी चुकलं, अशी झटपट परीक्षा करतात. करड्या बिडाच्या बाबतीत याच आवाजाचा अर्थ उलटा.

इथेच गिऱ्हाइकाची आणि ओतणाऱ्याची कायमची ओढाताण असते. भारतीय मानक २१० प्रमाणे करड्या बिडाला एफजी २००, एफजी २६० असे दर्जे आहेत. आकडा ताणाच्या ताकदीचा, मेगापास्कलमध्ये. वरचा दर्जा मिळवायचा तर कार्बन कमी करावा लागतो, पापुद्रे बारीक करावे लागतात. तसं केलं की अवमंदन उतरतं. ‘एफजी २६० द्या, आणि आवाजही नको’ असं म्हणणाऱ्याला दोन्ही पूर्णपणे मिळणार नाही, हे ड्रॉइंग काढणाऱ्यानेच आधी ठरवायला हवं.

बिडावर भट्टीचं काम कमी, पण महत्त्वाचं. जाड भाग उशिरा आणि पातळ भाग लवकर गार झाल्याने कास्टिंगच्या पोटात ताण अडकून राहतो. असा बेड तासून अगदी सरळ केला तरी काही महिन्यांनी आपोआप वाकतो. पूर्वी यावर उपाय म्हणजे कास्टिंगं महिनोन् महिने आवारात ऊन-पावसात टाकून ठेवायची. जुन्या लेथ कारखान्यांच्या अंगणात गंजलेले बेड ओळीने पडलेले असत ते टाकाऊ नव्हते. आता तेच काम ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत होतं, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला अंदाजे एक तास, आणि मग भट्टीतच सावकाश गार. या तापमानाला पापुद्रे आहेत तसेच राहतात. बेड सरळ राहतो. आवाज खाण्याची क्षमता मात्र ओतताना जी पदरी पडली तीच.

ज्या लोखंडात भट्टी हाच सगळा खेळ आहे, ते दुसऱ्या जातीचं. तिथे ग्रॅफाइट नाही, तडे नाहीत. तिथे ऊर्जा खातं ते लोखंडाचं चुंबकत्व.

सुकापुरात कुठल्याही इमारतीजवळच्या महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरपाशी उभं राहा. एक सखल, अखंड गुणगुण ऐकू येते. ती विजेची नसते, लोखंडाची असते. लोखंड चुंबकित झालं की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूलने १८४२ मध्ये दाखवलं. हा बदल लाखात दोन भागांएवढा क्षुल्लक, पण ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या पत्र्यांचा सगळा गठ्ठा एकदम लांबतो आणि आखडतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते. गुणगुण मात्र १०० फेऱ्यांची असते. कारण चुंबकत्व या टोकाकडे असो वा त्या टोकाकडे, लोखंड लांबतं तेवढंच, म्हणून विजेच्या एका फेऱ्यात दोनदा लांबतं. हा सममितीचा तपशील पुढे कामाला येणार आहे.

उलटंही खरं आहे. लोखंड ताणलं तर त्याचं चुंबकत्व हलतं. चुंबकित न दिसणारा लोखंडाचा तुकडाही आतून पूर्णपणे चुंबकित असतो, पण तुकड्यातुकड्यांनी. प्येर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या कल्पनेप्रमाणे धातूत असंख्य छोटी क्षेत्रं असतात. प्रत्येकात चुंबकत्वाची दिशा एक, शेजारच्यात वेगळी, सगळ्यांची बेरीज शून्य. लोखंडाच्या स्फटिकात या दिशा सहा: वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे. दोन शेजारी क्षेत्रं एकमेकांच्या अगदी उलट असतील तर मधली हद्द १८० अंशांची, काटकोनात असतील तर ९० अंशांची. आता धातू उभा ताणला तर उभ्या दिशेच्या क्षेत्रांना ते सोयीचं होतं, आडव्यांना गैरसोयीचं. ‘वर’ आणि ‘खाली’ यांच्यात मात्र ताणाला फरक कळत नाही, ट्रान्सफॉर्मरला कळला नाही तसाच. म्हणून ताणाने फक्त ९० अंशांच्या हद्दी सरकतात.

शेताच्या बांधासारखंच ते आहे. ताण आला की उभं क्षेत्र आडव्याच्या जमिनीत बांध सरकवतं, दाब आला की आडवं क्षेत्र तो परत ढकलतं. पण बांध सरकताना वाटेत दगड लागतो, खुंट लागतो. तो अडतो, मग झटक्याने पुढे उडी मारतो. परत येताना त्याच वाटेने, त्याच जागी येत नाही. या अडण्या-उडण्यात ऊर्जा जाते. प्रत्येक उडीबरोबर धातूत विजेचे छोटे भोवरे उठतात आणि उष्णता होऊन विरतात. १९१९ मध्ये हाइनरिख बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचं वेटोळं घालून, वर्धक लावून, या उड्यांची करकर प्रत्यक्ष ऐकली.

लोखंडाचं हे अस्वस्थ चुंबकत्व रायगड जिल्ह्याला नवं नाही. सुकापूरपासून जवळच, नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. तिची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत जाते. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली आणि १९०४ मध्ये तिथे नवी वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मेळ घातला. अलिबागच्या त्या इमारतीत लोखंड अजिबात येऊ नये याची काळजी घेतली होती. ज्या चळवळ्या स्वभावामुळे वेधशाळेने लोखंडाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, तोच स्वभाव आवाज मारायला उपयोगी पडतो.

याचा पहिला मोठा उपयोग माणसांनी कारण न कळताच केला. औष्णिक वीजकेंद्रातल्या वाफेच्या टर्बाइनची पाती परंपरेने १२ टक्के क्रोमियमच्या पोलादाची असतात. कोराडी असो वा परळी, तत्त्व तेच. गंज कमी आणि ताकद पुरेशी, म्हणून ते निवडलं. पण अनुभव असा आला की या पोलादाची पाती अनुनादात सापडली तरी इतर मिश्रधातूंच्या पात्यांपेक्षा कमी मोडतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या संशोधकांनी त्याचा छडा लावला. कसोटी सुंदर होती: नमुना जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवून ठोकायचा. बाहेरच्या चुंबकाने धातूतली सगळी छोटी क्षेत्रं एकाच दिशेला वळवली, हद्दी उरल्याच नाहीत, आणि अवमंदन जवळजवळ नाहीसं झालं. म्हणजे ऊर्जा खाणाऱ्या त्या हद्दीच होत्या.

कारण कळल्यावर मुद्दाम तसा धातू बनवता येतो. जपानच्या तोशिबा कंपनीने ‘सायलेंटॲलॉय’ या नावाने आणलेला मिश्रधातू म्हणजे लोखंड, १२ टक्के क्रोमियम आणि ३ टक्के ॲल्युमिनियम. ही जात अगदी अनोळखी नाही. हिटरच्या कॉइलची ‘कांथल’ तारही लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमचीच, फक्त तिच्यात क्रोमियम आणि ॲल्युमिनियम बरंच जास्त. सायलेंटॲलॉयमध्ये ॲल्युमिनियमचं काम असं: साधं १२ टक्के क्रोमियमचं पोलाद तापवलं की त्याची स्फटिकरचना बदलते, आणि गार होताना ती पुन्हा बदलते तेव्हा आत प्रचंड ताण येतो आणि मार्टेन्साइट नावाची कडक रचना तयार होते. टर्बाइनच्या पात्याला ती कडकपणाची किंमत परवडते, म्हणून त्याचं अवमंदन ८ टक्क्यांवर थांबतं. ३ टक्के ॲल्युमिनियम घातलं की वितळेपर्यंत रचना एकच राहते. मग हवं तितकं तापवा, सावकाश गार करा, आत गोंधळ होत नाही.

भट्टीचा क्रम असा. रस ओततानाच कार्बन आणि नायट्रोजन शक्य तितके खाली ठेवायचे; हे छोटे अणू स्फटिकाच्या फटींत बसून हद्दी अडवतात. मग गरम रोलिंग किंवा फोर्जिंग. मग कापणं, वाकवणं, भोकं पाडणं, तासणं, जे काही करायचं ते सगळं. आणि सर्वांत शेवटी वस्तू १,००० ते १,१०० अंशांवर तासभर ठेवून भट्टीतच गार होऊ द्यायची, घाई न करता. या तासाभरात वाकवण्या-तासण्याने स्फटिकात पडलेल्या चुकीच्या ओळी पुसल्या जातात, आतला ताण सुटतो, स्फटिकांचे कण मोठे होतात. कण मोठे झाले की हद्दींना अडवणाऱ्या कडा कमी होतात. दगड आणि खुंट पूर्ण निघून जाऊन चालत नाही, नाहीतर हद्द मागेपुढे सरकूनही काही गमावणार नाही; पण व्यवहारात अडचण जास्तीची असते, कमीची नाही. पाण्यात बुडवून झटपट गार केलं तर पृष्ठभाग आणि गाभा वेगवेगळ्या वेळी आखडून नवा ताण शिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

म्हणून हा क्रम मोडणारी प्रत्येक गोष्ट या धातूला परत बोलका करते. भट्टीनंतर हातोडीने सरळ केलेली पट्टी, थंडच वाकवलेलं ब्रॅकेट, वेल्डिंगच्या आसपासची जागा, या सगळ्या ठिकाणी हद्दी पुन्हा अडकतात. बोल्ट फार जोराने आवळला तर त्या भागातली क्षेत्रं आधीच ताणाच्या दिशेला वळलेली असतात, सरकायला काही उरत नाही. शेजारी जबर चुंबक असला तर तेच. आणि फार तापलं तर चुंबकत्वच जातं. शुद्ध लोखंडाचं ते ७७० अंशांना जातं. शिवाय मोठ्या कणांचा धातू तितकासा चिवट नसतो. लोखंड गप्प करायचं तर ताकदीतून थोडं द्यावंच लागतं. बिडातही तेच, इथेही तेच.

जिथे चुंबक जवळ असणारच आहे तिथे तिसरी जात कामाला येते: लोखंडात सुमारे १७ टक्के मँगनीज. तापवून गार करताना याच्या स्फटिकातले काही थर घसरून वेगळी रचना घेतात, पण सगळे नाही. दोन्ही रचना पातळ पापुद्र्यांनी शेजारी शेजारी राहतात, आणि ताण आला की त्यांच्यामधल्या सीमा मागेपुढे सरकतात. कंपन जितकं मोठं तितकी ही जात जास्त खाते. इथे भट्टीतून काढून हवेत किंवा पाण्यात गार केलं तरी चालतं. सायलेंटॲलॉयला जे विष ते इथे पथ्यकर. याच कुळातला, मँगनीजबरोबर क्रोमियम, निकेल आणि सिलिकॉन असलेला मिश्रधातू जपानने भूकंपाचे हेलकावे खाणाऱ्या डॅम्परसाठी तयार केला आणि नागोयाच्या जेपी टॉवरमध्ये बसवला. मँगनीज आपल्याकडेही निघतं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिकला या खाणी नागपूरच्या ‘मॉइल’कडे आहेत.

मग हे सगळं सुकापूरच्या सोसायटीतल्या पाण्याच्या पंपाला लावावं का? नाही. पंपाची घरघर तिसऱ्या मजल्यावर पोचते ती बहुधा पाइपातून आणि पाइप भिंतीला घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पमधून. आधी मोटर आणि पंपाचा कपलिंगजवळ मेळ तपासा, पायाचे बोल्ट बघा. पंपाखाली रबराचे पॅड, पाइपच्या तोंडाशी रबरी बेलो, क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी. एवढ्यात काम होतं आणि खर्च हजारांत राहतो. खास मिश्रधातू तिथे, जिथे रबर टिकत नाही: जिथे तापमान जास्त आहे, तेल उडतं आहे, किंवा भागाची जागा मायक्रॉनभरही हलून चालत नाही. मशिन टूलच्या बेडला तर अजून बीडच पुरतं, आणि ते सर्वांत स्वस्त आहे.

कुणी ‘कंपन शोषणारं लोखंड’ म्हणून जादा भाव सांगितला तर त्याला तीन गोष्टी विचारा. क्षमता किती टक्के, आणि ती किती ताणावर मोजली? वस्तू चुंबकाजवळ किंवा खूप आवळून बसवायची असेल तर किती उरेल? आणि भट्टी तासायच्या आधी झाली की नंतर? तिसऱ्या प्रश्नाला ‘आधी’ असं उत्तर आलं आणि माल लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमचा असेल, तर जादा पैसे देऊ नका.